रोजच्या हातातलं, नव्यानं कळलेलं: तुमचे अनुभव सांगा

परवा मोरीत परात विसळताना एक गोष्ट दिसली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

आमच्या फोंड्याच्या घरी मे महिन्यात भिंडां फोडायचं काम असतं. भिंडां म्हणजे रातांबे, ज्यांच्या साली वाळवून सोलां होतात. सालं उन्हात गेली होती, रस मीठ घालून बरणीत भरला होता, आणि परातीच्या कडेला लालभडक ओघळ राहिले होते. त्यावर भांड्यांच्या वडीचा फेस पडला. लाल रंग बघता बघता जांभळा झाला, मग शाईसारखा निळसर, आणि फेस जाड होता तिथे चक्क हिरवट. मी नळ बंद करून तशीच उभी राहिले. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात भिंडां फोडते आहे. सासूबाई तर त्याच्याही आधीपासून. पण हे कधी पाहिलंच नव्हतं, कारण परात धुवायची घाई असते, बघायची नसते.

लेक दहावीत आहे. त्याला हाक मारली. त्याने कपाटातला चित्रकलेचा जाड कागद काढला, त्याच्या पट्ट्या कापल्या, मीठ न घातलेल्या रसात बुडवल्या आणि पंख्याखाली वाळवल्या. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरभर फिरलो. लिंबाने लाल आणखी उजळ झाला. चिंचेच्या कोळानेही तसंच. खाण्याच्या सोड्याने जांभळा. विड्याचा चुना पाण्यात कालवून वरची निवळी घेतली, तिने निळा-हिरवा. रातांब्यात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं. आंबट लागलं की ते लाल राहतं, क्षार लागला की निळ्याकडे झुकतं. जास्वंदीच्या फुलातही याच जातीचा रंग असतो. हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू त्यातूनच करतात, हे आपल्याला ठाऊक असतं. पण हळद आंबटाला दाद देत नाही. भिंड दोन्हीकडे बोलतं.

पुढचं लेकाने केलं. अख्खा कागद रसाने रंगवला आणि वाळल्यावर चुन्याच्या निवळीत ब्रश बुडवून त्यावर सुपारीचं झाड काढलं. लाल कागदावर निळ्या-हिरव्या झावळ्या उमटत गेल्या. एक चित्र खिडकीत लावलं होतं, ते चार दिवसांत तपकिरी झालं, कारण हा रंग उन्हाला टिकत नाही. दुसरं वहीत ठेवलं आहे, ते अजून छान आहे.

तुमच्याकडेही असं काही असेल. फोनमधलं, चुलीवरचं, हातकामातलं, काहीही. मोठं असायला हवं असं नाही. स्वतः केलेलं, स्वतः पाहिलेलं असावं, आणि कसं केलं ते नीट सांगा, म्हणजे बाकीच्यांना घरी करून बघता येईल.

पेडण्याहून, एक शिक्षक

ताई, या पट्ट्या मी जूनमध्ये वर्गात करून घेणार आहे. आमच्या मुलांना लिटमस कागद वर्षातून एकदा दिसतो, भिंडां मात्र घरोघरी.

माझं सांगतो. आमच्या वाड्यावर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरोघरी घुमट आरत्या होतात आणि मी शाळेत असल्यापासून वाजवतो. घुमट म्हणजे मातीचं मडकं. एका बाजूला मोठं तोंड, त्यावर चामडं ताणलेलं. दुसऱ्या बाजूला लहान तोंड, ते उघडं. पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं. घोरपडीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं वापरतात. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तो बकऱ्याच्या चामड्याच्या घुमटालाच. उजव्या हाताने चामड्यावर थाप आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, हे आम्हाला थोरल्यांनी हात धरून शिकवलं. ‘घुम’ कुठे आणि ‘कट’ कुठे हे हाताला कळतं, पण मागचं तोंड झाकल्यावर आवाज का खाली उतरतो, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आणि मी भौतिकशास्त्र शिकवतो.

गेल्या चवथीच्या आधी फोनवर ‘फायफॉक्स’ घेतलं. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं हे फुकट अ‍ॅप फोनच्या सेन्सरांनी मोजमाप करतं. त्यात आवाजातल्या कंपनसंख्यांचा आलेख दिसतो. भाच्याला थाप मारायला सांगितली आणि मी मागचं तोंड हळूहळू झाकत गेलो. आलेखातला सगळ्यात खालचा शेंडा पायरी-पायरीने डावीकडे सरकला. तोंड पूर्ण बंद केलं तेव्हा तो शेंडा विरूनच गेला, उरला तो नुसता चामड्याचा कोरडा आवाज. मडक्यातली हवा स्प्रिंगसारखी दबते-फुगते आणि तोंडाशी असलेली हवा तिच्यावर झुलते. तोंड लहान केलं की झुलणं मंद होतं. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने हेच पोकळ गोळे घेऊन मांडलं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येणारा आवाजही त्यातलाच. आमच्या कुंभाराने आणि आरतीवाल्यांनी ते मातीत आणि तळव्यात बसवून ठेवलं आहे.

एक कामाची गोष्ट. चवथीला पाऊस असतो, चामडं ओल धरतं आणि घुमट ‘बसतं’. घरी चूल होती तेव्हा विस्तवावर शेकायचे. आता गॅसवर धरलं तर चामडं करपतं, माझं एक तसं गेलंही. मी जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब टेबलावर ठेवून त्याच्यासमोर हातभर अंतरावर घुमट ठेवतो. आरतीआधी अर्धा तास पुरतो.

वाळपईहून

माझं छोटं आहे. जूनच्या पहिल्या पावसानंतर आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पहाटे कुणीतरी शीळ घालतं. अगदी माणसासारखी, सूर शोधत, मध्येच चाल विसरल्यासारखी. लहानपणी आजी सांगायची, राखणदार फिरतो, बाहेर जाऊ नका. गेल्या वर्षी मुलीने फोनवर कॉर्नेलच्या पक्षीअभ्यासकांचं ‘मर्लिन’ अ‍ॅप घातलं आणि फोन खिडकीत धरला. नाव आलं मलबार शीळकरी कस्तूर. आमच्याकडे पावसात रेंज जाते म्हणून भारताचा पक्ष्यांचा संच आधी उतरवून ठेवला होता, तो नेटशिवाय चालतो. मग तीन दिवस पहाटे उठून ओढ्याकाठी बसले तेव्हा तो दिसला: काळा-निळा, खांद्यावर चकाकता निळा डाग. आता शीळ ऐकली की मी दिवा न लावता व्हरांड्यात जाऊन बसते. राखणदाराला हात जोडायचे ते मात्र अजूनही जोडते.

काणकोणहून

ताईंनी परातीचं लिहिलं म्हणून मला आमच्या माळ्यावरची टोपली आठवली.

फणसाच्या भिकणां, म्हणजे आठळ्या, आमच्याकडे चवथीपर्यंत ठेवतात. आजी त्या धुऊन पुसायची, तांबडी माती पाण्यात कालवून तिचा राब करायची, त्यात आठळ्या घोळवून सुपात सावलीत वाळवायची आणि मातीच्या कवचासकट टोपलीत भरायची. मला ते अस्वच्छ वाटायचं. लग्नानंतर मी फ्रीजमध्ये ठेवायला लागले आणि दर वर्षी जुलैत अर्ध्या फेकायला लागायच्या, आतून काळ्या पडलेल्या.

दोन वर्षांपूर्वी एकाच फणसाच्या आठळ्यांचे तीन वाटे केले. एक वाटा फ्रीजमध्ये डब्यात. एक नुसताच परातीत, खिडकीपाशी. तिसरा मातीत घोळवून टोपलीत, माळ्यावर. खिडकीतल्या पंधरा दिवसांत सुरकुतल्या, पाऊस लागल्यावर त्यांच्यावर पांढरी बुरशी आली. फ्रीजमधल्या महिनाभर बऱ्या होत्या, मग डब्याच्या तळाशी पाणी सुटलं आणि त्या चिकट झाल्या. मातीतल्या मी हरतालिकेच्या आदल्या दिवशी काढल्या. वाळलेल्या मातीला नख लावलं की चिरफळ्या उडायच्या आणि आतली पांढरी साल तशीच गुळगुळीत, काल काढल्यासारखी. दोनांना मोड आला होता. म्हणजे जिवंत होत्या!

कृषी खात्यात काम केलेल्या मावसोबांनी कारण सांगितलं. धान्य-कडधान्यासारखं फणसाचं बी वाळवून टिकत नाही, पूर्ण वाळलं की मरतं. त्याला थोडी ओल लागते, पण मोकळं पाणी नको. माती ती ओल धरते, सावकाश सोडते, आणि भुंगा आत शिरू देत नाही. आजीला ‘ओल’ हा शब्द पुरेसा होता. माती कालवताना ती ताकाहून दाट आणि इडलीच्या पिठाहून पातळ अशी करायची. तेवढं मात्र सांभाळा, फार जाड थर दिला तर तडकतो.

पर्वरीहून

मी कॉम्प्युटरवर बसून काम करणारा माणूस. स्वयंपाक बंगळुरूला एकटा राहायला लागल्यावर शिकलो.

तिथे एका चिनी हॉटेलात झणझणीत नूडल्स खाल्ल्या आणि ओठांना मुंग्या आल्या. ती चव अनोळखी नव्हती, पण कुठली ते आठवेना. रात्री झोपताना आठवलं: आईचं बांगड्याचं हुमण! तिरफळ! दुसऱ्या दिवशी शोधलं. चिनी लोकांची सिचुआन मिरी आणि आपलं तिरफळ ही झँथोझायलम या एकाच वंशातली भावंडं आहेत. दोन्हीत सांशूल नावाचा घटक असतो. तो तिखट लागत नाही, स्पर्श ओळखणाऱ्या नसांनाच जागं करतो. 2013 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी लोकांच्या ओठांना सिचुआन मिरी लावली आणि बोटाला यंत्राची थरथर देऊन विचारलं, ओठांवरची थरथर कुठल्या वेगाशी जुळते? उत्तर आलं सेकंदाला साधारण 50 वेळा. आपल्या घरातली वीजही 50 हर्ट्झची. हे वाचल्यापासून हुमणाचा पहिला घास मी डोळे मिटून घेतो.

करून बघायचं असेल तर सुकी तिरफळं घ्या, आतली काळी बी काढून टाका, ती कडू असते आणि दाताखाली कचकचते. साली कोरड्या तव्यावर जेमतेम गरम करा. खोबरेल तेल तापवून गॅस बंद करा, धूर येत असेल तर तो जाऊ द्या, मग ठेचलेल्या साली टाका आणि झाकून ठेवा. दोन तासांनी गाळा. हे तेल नूडल्सवर, उकडलेल्या कणगांवर, काकडीच्या कोशिंबिरीवर चमचाभर घाला. आईला पाठवलं तेव्हा तिने ते सोलकढीवर चार थेंब घातलं. मला कधी सुचलं नसतं.

मडगावहून

फोंड्याच्या ताई, चुन्याचं चित्र मुलांना एकट्याने करू द्यावं का? माझा धाकटा सहा वर्षांचा आहे.

फोंडा

नको हो. चुन्याची निवळी डोळ्यांत गेली तर भाजते, आणि लहान मुलं हात डोळ्याला लावतातच. सहा वर्षांच्या मुलाला खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून द्या. निळा-हिरवा नाही येणार, जांभळा येईल, पण तोही सुंदर दिसतो.

कुंभारजुव्याहून

आमच्या घराच्या मागे खाजन आहे. खाडीचं पाणी अडवणारा बांध, आत भातशेती, आणि बांधात मानस. नवीन माणसांना सांगायचं तर मानस म्हणजे बांधातलं दार. त्याला लाकडी झडपा असतात. भरतीचं पाणी चढलं की खाडीकडून दाब येतो आणि झडपा आपोआप मिटतात. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतलं पाणी ढकलून त्या उघडतं. वीज नाही, मोटर नाही. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, पण मानशीला घड्याळ लागत नाही. रात्री दोनला आली तर रात्री दोनला मिटते.

ही मानस मी रोज बघत मोठा झालो. आणि तरीही आमच्या अंगणातल्या नाल्यातून भरतीच्या वेळी, वरून मुसळधार पाऊस असताना, पाणी उलटं घरात यायचं तेव्हा मी दर पावसाळ्यात वाळूच्या पिशव्या रचायचो. प्लंबरने सांगितलेला व्हॉल्व्ह घातला, तो पहिल्याच पावसात पालापाचोळ्याने अडकला. एका रात्री टॉर्च घेऊन नाल्याच्या तोंडाशी बसलो होतो, गुडघाभर पाण्यात. समोर मानशीच्या बाजूने ओळखीचा ‘धप्’ असा झडप मिटल्याचा आवाज आला. तिथेच डोक्यात प्रकाश पडला.

पाण्याचा जोर ओसरल्यावर ट्रकच्या जुन्या ट्यूबचा जाड तुकडा कापला, पाइपाच्या तोंडापेक्षा चार बोटं मोठा. वरची कड पत्र्याच्या पट्टीने आणि बोल्टने आवळली, खालची मोकळी सोडली. खालच्या कडेला आतून-बाहेरून दोन चपटे लोखंडी तुकडे बसवले, म्हणजे वजनाने ती सरळ लोंबते. अंगणातलं पाणी बाहेर जाताना रबर ढकलून जातं, बाहेरचं आत यायला लागलं की रबर पाइपाच्या काठावर चिकटतं. पाचोळा अडकला तरी रबर त्याच्याभोवती वाकतं, थोडं पाझरतं, पण लोंढा येत नाही. तीन पावसाळे झाले. एकदाच रबर बदललं. लोखंड गंजतं, तेव्हा जमलं तर स्टेनलेसचे बोल्ट वापरा. मी आधी साधे वापरले आणि वर्षभरात ते हातात आले.

पोराच्या विज्ञान प्रदर्शनासाठी याचीच छोटी प्रतिकृती आइस्क्रीमच्या डब्यात केली. वाड्यावरचे एक काका, ज्यांच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या बांध राखला, ते बघायला आले. बराच वेळ डब्यात पाणी ओतत राहिले. दोन्ही बाजूंनी.

म्हापशाहून

मी घरी खाजं, बेसनाचे लाडू, नेवऱ्या करून विकते. पदार्थ चांगले होतात, फोटो मात्र नेहमी करपल्यासारखे यायचे. दिव्याखाली पिवळे, उन्हात पांढरेफटक.

नणंदेच्या जुन्या घरात शिंपल्यांची खिडकी आहे. काच महाग होती तेव्हा लाकडी चौकटीत चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे बसवायचे, तशी. तिच्याकडे ताट घेऊन गेले होते, खिडकीपाशी ठेवलं आणि सहज फोटो काढला. खाज्यावरच्या गुळाचा एकेक पदर दिसला, आल्याचे तंतू दिसले, आणि सावली मऊ, कापसासारखी. शिंपला ऊन अडवत नाही, पसरवतो. तो शिंपला आता कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे नवीन शोधायला जाऊ नका. मी घरी पूर्वेच्या खिडकीला बटर पेपर चिकटवला, सकाळी नऊच्या सुमाराला ताट खिडकीपासून हातभर आत ठेवते, आणि समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करते. घरातला दिवा बंद. बस्स, एवढंच.

साखळीहून

चोर्ला घाट चढताना वेफर्सचं पाकीट फुगतं ते सगळ्यांनी पाहिलं असेल. काही फोनांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तो चालू ठेवून घाट चढा. दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की तुम्ही साधारण 8 मीटर वर आलात. मुलांनी मागच्या सीटवर बसून वहीत वळणागणिक आकडे लिहिले आणि वर पोचेपर्यंत कुणी ‘कधी येणार’ विचारलं नाही.

सत्तरीहून

सगळ्यांचं वाचलं. माझ्याकडे यंत्र म्हणावं असं काही नाही, फोनमधला माइक आहे.

माझी आजी 84 वर्षांची. तिला वाचता येतं, लिहायचा सराव गेला. पौषात धालो, म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ, खेळायला ती मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या जागेवर, उभी राहायची, तिला किती गीतं येतात याची मोजदाद कुणी केली नव्हती. मी वहीत उतरवायला बसले तर तिला सारखं थांबावं लागायचं, आणि थांबली की पुढची ओळ हरवायची. गाणं ते, लिहून घ्यायच्या वेगाने येत नाही.

मग फोनच्या कीबोर्डवरचा मराठी बोलून-लिहायचा माइक लावला. गायली की फोन गोंधळायचा, भलतेच शब्द यायचे. म्हणून मी दोन गोष्टी केल्या. आधी ती मोकळेपणी गाते, ते नुसतं रेकॉर्ड करते. नंतर तीच ओळ ती मला बोलून दाखवते, गोष्ट सांगावी तशी, आणि फोन लिहितो. आमच्याकडचे अर्धे शब्द कोकणी, अर्धे मराठी, तेव्हा चुका होतात. त्या मी रेकॉर्डिंग ऐकून दुरुस्त करते. पण अक्षरं समोर उमटताना आजी बघत असते. पहिल्या दिवशी तिने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, “हें कोणें बरयलें गो?” (हे कुणी लिहिलं गं?) मी म्हटलं, तूच.

संध्याकाळी अक्षरं मोठी करून फोन तिच्या हातात दिला. ती स्वतःचंच गीत मोठ्याने वाचत गेली, बोट ओळीखाली. सातव्या ओळीला थांबली. चूक आहे म्हणाली. फोनची नव्हती, तिने स्वतःच सकाळी एक ओळ गाळली होती, जात्यावर बसलेल्या सुनेची. ती तिने तेव्हा म्हटली, आणि तिच्यामागे आणखी चार आल्या. मी माइक लावायला विसरले होते. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, मांड आहे, मी आहे, परत म्हणते, आधी चहा ठेव.